स्क्रीनवर सगळं हिरवं

ती : ...आणि त्या डब्याचं झाकण घट्ट बसत नाही, तर आईंना म्हणावं वर ताटली उपडी घाला. नाहीतर मुंग्या.

तो : सांगतो. पण तू झाकणासाठी फोन केलास?

ती : झाकणासाठी असं नाही. मागच्या दाराची किल्ली माझ्या पर्समध्ये राहिलीय. आईंना कपडे वाळत घालायला जाता येत नसेल.

तो : त्यावरून आईचे सकाळपासून फोनवर फोन चालू आहेत. मी म्हटलं, पुढच्या दारानं वळसा घालून जा.

ती : त्यांचे गुडघे दुखतात हो.

तो : त्या गुडघ्यांवरून वेगळा फोन येऊन गेला.

ती : हसू नका. तुम्ही जेवलात का?

तो : अगं, दवाखान्यात भरती तू झालीयेस की मी?

ती : तुम्हीही दवाखान्यातच आहात की. तळघरात बसलात म्हणून काय झालं? जेवलात का ते सांगा.

तो : इथे श्वास घ्यायला वेळ नाही. चेअरमन निघालेत घरून. फीत कापली की नव्या इमारतीतल्या सगळ्या बिछान्यांचे आकडे दारातल्या मोठ्या स्क्रीनवर झळकायला पाहिजेत. हृदयाचे ठोके, श्वास, सगळं. तो स्क्रीन काळा राहिला तर साहेब मला कच्चा खातील.

ती : नाही राहायचा. तुम्ही रात्रभर खपलायत त्याच्यासाठी.

तो : साहेबांचा दर दोन मिनिटाला प्रश्न, लागलं का, लागलं का. बरं, ठेवू का?

ती : ठेवा, ठेवा. ...अहो, एक विचारू?

तो : पटकन विचार.

ती : तुमच्याकडे काही लाल झालंय का?

तो : कुठे लाल?

ती : तुम्ही म्हणता ना, कुठलं खोकं बिघडलं की तुमच्या स्क्रीनवर लाल होतं.

तो : काही नाही. सगळं हिरवं आहे. हिरवंगार. का गं?

ती : काही नाही. मग माझंच काहीतरी असेल.

तो : तुझंच काय?

ती : मघाशी डोक्याशी ते मशीन वाजायला लागलं. बराच वेळ वाजत होतं. मला वाटलं सिस्टर येतील. मग आपोआप थांबलं.

तो : मशीन वाजलं? कधी?

ती : आईंना फोन लावून बघितला, लागला नाही, त्याच्या जरा आधी.

तो : थांब. छातीला वायरी लावलेलं मशीन वाजलं, आणि तू आधी आईला फोन केलास?

ती : त्यांना वाटेल किल्ली हरवली. उगाच घोर लागेल जिवाला.

तो : आईच्या जिवाचं राहू दे! तुला काही झालं का? चक्कर? अंधारी?

ती : किंचित. उठून बसले होते ना, म्हणून असेल.

तो : डॉक्टर काय म्हणाले होते? ठोके मध्येच घसरतात, आजचा दिवस डोळ्यांत तेल घालून बघायचं. म्हणाले होते ना?

ती : हो. म्हणून तर ह्या वायरी.

तो : मग वाजलं आणि सिस्टर आल्या नाहीत, असं कसं? तुझ्याकडे वाजलं की त्यांच्या टेबलावरही वाजतं. चहाला गेल्या असतील का?

ती : नाही. काचेतून दिसतात मला. टेबलाशीच बसल्यात, स्क्रीनकडे बघत. म्हणून तर मला वाटलं, त्यांना दिसतंय आणि तरी त्या निवांत आहेत, म्हणजे विशेष काही नसणार.

तो : बेल दाब.

ती : आता थांबलंय ना पण. सकाळपासून एकट्याच आहेत बिचाऱ्या, बाकीचे सगळे कार्यक्रमाला नेलेत. त्यात मी आणखी...

तो : तू बेल दाब आधी!

ती : दाबते. ओरडता कशाला? ...दाबली. उठल्या बघा लगेच.

तो : स्पीकरवर टाक फोन.

सिस्टर : काय झालं बाई? पाणी पाहिजे?

ती : नाही हो, पाणी आहे. हे आमचे, फोनवर आहेत. खाली नेटवर्क बघतात ना, ते.

तो : सिस्टर, नमस्कार. हिच्या डोक्याशी मशीन वाजलं मघाशी. तुमच्या टेबलावर वाजलं का?

सिस्टर : माझ्याकडे? छे! मी जागची हललेली नाही. वाजलं असतं तर ऐकलं नसतं का? झोपा काढत नाही मी इथे.

तो : तसं नाही म्हणत मी. तुमच्या स्क्रीनवर हिचे ठोके किती दिसतात?

सिस्टर : बहात्तर. झकास आहेत. सकाळी आले तेव्हापासून बहात्तर.

तो : बहात्तरच? एकदाही एकाहत्तर नाही, त्र्याहत्तर नाही?

सिस्टर : आता... म्हणजे जेव्हा बघितलं तेव्हा बहात्तरच होते.

तो : सिस्टर, तिच्या डोक्याशी बघा. तिथे किती आहेत?

सिस्टर : इथे? ...अगो बाई.

ती : काय झालं?

सिस्टर : पडून राहा तुम्ही. अजिबात उठायचं नाही. दादा, इथे जेमतेम पन्नास आहेत.

तो : तुमचा टेबलावरचा स्क्रीन गोठलाय. जुनेच आकडे दाखवतोय.

सिस्टर : गोठलाय म्हणजे? मग बाकीचे? कोपऱ्यातले आजोबा आत्ता काठी टेकत संडासला जाऊन आले, धापा टाकत होते, आणि माझ्या स्क्रीनवर त्यांचा श्वास काही हलला नाही. मी म्हटलं, वा आजोबा, तब्येत सुधारली! देवा रे. मी सकाळपासून चित्राकडे बघत बसलेय की काय?

तो : पण असं व्हायला नको. तिसऱ्या मजल्यावरचा हब माझ्या समोर हिरवा दिसतोय. तुमच्या वॉर्डातलं सगळं त्यातूनच जातं.

सिस्टर : तिसरा मजला? कुठला तिसरा मजला?

ती : अहो, मी तिसऱ्या मजल्यावर नाहीये.

तो : म्हणजे?

ती : काल संध्याकाळी हलवलं. जुन्या बाजूला, तळमजल्यावर. वरचा वॉर्ड पाहुण्यांना दाखवायचाय, तर चार बिछाने मोकळे हवे होते. विचारायला आले, कोण जाईल म्हणून. बाकीच्यांनी आरडाओरडा केला. मी म्हटलं, जाते. मला काय, एक पिशवी तर होती.

तो : आणि मला सांगितलं नाहीस?

ती : मेसेज केला होता. किल्लीच्या मेसेजच्या वर असेल बघा. तुम्ही कामात होतात.

सिस्टर : भांडण मागाहून करा. दादा, माझा स्क्रीन कधी चालू होतो ते बोला.

ती : अहो, काय दिसतंय तुम्हाला?

तो : शोधतोय. ...जुन्या बाजूचं खोकं, तो ब्रिज, माझ्या स्क्रीनवर नाही.

ती : म्हणजे तोच बिघडलाय?

तो : बिघडलाय की चालू आहे, हेच मला दिसत नाही. काल मीच त्याला यादीतून काढलं.

सिस्टर : काढलं? आणि मला कोण सांगणार? की आम्ही जुन्या बाजूचे म्हणून आम्हाला सांगायचं नसतं?

तो : सिस्टर, तुम्ही आधी डॉक्टरांना बोलवा. आणि स्क्रीनकडे बघू नका. प्रत्येक बिछान्याशी जाऊन डोळ्यांनी बघा. मी निघालो. ब्रिज तुमच्या जिन्याखालच्या कपाटात आहे.

सिस्टर : जाते. बाई, फोन चालू ठेवा. काही वाटलं की हाक मारा. आणि हाक म्हणजे हाक, पुटपुटायचं नाही.

ती : हो. ...अहो, तुम्ही धावू नका. तुमचा पाय मुरगळलाय परवा.

तो : माझा पाय गेला खड्ड्यात. तू बोलत राहा. गप्प बसू नकोस.

ती : काय बोलू?

तो : काहीही बोल. मला आवाज येऊ दे तुझा.

ती : मग तुम्हीच सांगा. काढलं म्हणजे काय केलं?

तो : आत्ता हे ऐकायचंय तुला?

ती : मी कुठे जातेय? सांगा.

तो : हे बघ... हब म्हणजे एका वॉर्डाच्या वायरी जिथे एकत्र येतात ते खोकं. ब्रिज म्हणजे जुनी इमारत नव्या इमारतीला जोडणारं खोकं. आणि एजंट म्हणजे ह्या सगळ्यांवर पाळत ठेवणारा. माणूस नाही गं, प्रोग्रॅम. दर मिनिटाला एकेका खोक्याला विचारतो, आहेस का, बरा आहेस का. उत्तर आलं की हिरवं. नाही आलं की लाल.

ती : म्हणजे हजेरी.

तो : हजेरीच. ...सरका हो, सरका जरा! ...फुलांच्या टोपल्याच टोपल्या आहेत ह्या बोळात. तर त्याची ताकद ठरलेली असते. अमुक इतकी खोकी सांभाळेल, त्याच्यापुढे नाही. नव्या इमारतीची जोडली, तशी त्याला धाप लागायला लागली. एकाचं उत्तर येईपर्यंत दुसऱ्याची वेळ टळून जायची. धडधाकट हब लाल दाखवायचा. दिवसभर खोट्या बोंबा.

ती : मोठा का नाही मागितलात?

तो : मागितला. साहेब म्हणाले, आधी फीत कापू, मग बघू.

ती : मग सगळ्यांची हजेरी जरा सावकाश घ्यायची. मिनिटाऐवजी दहा मिनिटांनी.

तो : तेही सुचवलं. नव्या इमारतीचे डॉक्टर म्हणाले, बिघाड दहा मिनिटांनी कळून काय लोणचं घालायचंय? मग राहिलं एकच. काहींना वगळायचं.

ती : कोणाला वगळायचं ते कसं ठरवलंत?

तो : वर्षभरात जे एकदाही लाल झाले नाहीत, ते काढले. जुन्या बाजूचा ब्रिज सगळ्यांत वर होता. बसवला तेव्हापासून एक तक्रार नाही त्याची. मी म्हटलं, ह्याच्याकडे नाही बघितलं तरी चालेल.

ती : कुरकुर करत नाही म्हणून.

तो : हो.

ती : मी शिकवते त्या वर्गात होतं असं. पटावर नाव घालायचं राहून गेलं की मूल गैरहजरही लागत नाही. रोज हजेरी पूर्ण. बाईंना वाटतं, सगळे आलेत.

तो : तू मला टोमणा मारतेयस का?

ती : नाही हो. वर्गातलं सांगतेय.

तो : मारलास तरी चालेल. मार. ...कुलूप आहे इथे! ह्या दाराला कुलूप कोणी लावलं? कार्यक्रम, कार्यक्रम! मागून यायला लागणार. थांब, दोन मिनिटं.

ती : अहो...

तो : काय?

ती : पुन्हा वाजायला लागलं.

तो : सिस्टर कुठे आहेत?

ती : आजोबांपाशी. पाठमोऱ्या आहेत. पडदा अर्धा ओढलाय मध्ये.

तो : हाक मार.

ती : सिस्टर...

तो : मलाच ऐकू आली नाही ती! मोठ्यानं!

ती : आजोबा दमून झोपलेत हो. समोरच्या बाईंचाही नुकताच डोळा लागलाय. आणि मला... हात जरा जड झालाय. बेल कुठे सरकली...

तो : ऐक माझं. उठू दे सगळ्यांना. सगळा दवाखाना उठू दे. ओरड तू.

ती : मला नाही येत ओरडायला.

तो : वर्गात साठ पोरांना कशी गप्प बसवतेस? तसं. अगं ओरड ना! तुझ्या पाया पडतो!

ती : सिस्टर! सिस्टर!! इकडे या!

तो : अजून!

सिस्टर : आले, आले! अगो बाई, केवढ्यानं... पडा, सरळ पडा. पाय वर घेते तुमचे. डॉक्टर, इकडे! हा बिछाना, हा! स्क्रीनवर नाही, इथे बघा, इथे! दादा, फोन ठेवा आता.

तो : सिस्टर, ती...

सिस्टर : ठेवा म्हटलं ना! तुम्ही तुमचं खोकं बघा, मी माझी बाई बघते.

(फोन बंद होतो. पुढचं बोलणं वॉर्डात, पलंगाशी.)

सिस्टर : या आत. चपला राहू द्या. तोंड असं करून येऊ नका पेशंटपुढे, ती जागी आहे.

तो : कशी आहे?

सिस्टर : इंजेक्शन दिलंय. ठोके चढले वर. एका परीनं बरंच झालं, डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत घसरले. उद्या सकाळीच ठोके सांभाळणारं यंत्र बसवू म्हणाले. तुमचं काय झालं? माझ्या टेबलावरचे आकडे आता नाचायला लागलेत.

तो : ब्रिजला झालं काहीच नव्हतं. कपाटात त्याच्या अंगावर हार आणि पुष्पगुच्छांची खोकी रचून ठेवली होती. हवा लागेना, तापून तापून बंद पडला. खाली उतरवली, बंद करून पुन्हा चालू केला. चालतोय बिचारा.

सिस्टर : आणि यादीत असता तर तुम्हाला लाल दिसलं असतं.

तो : तिथल्या तिथे दिसलं असतं.

सिस्टर : दादा, तुम्हाला काढायचं होतं तर काढायचं. तुमच्या अडचणी तुम्हाला. पण मला एक फोन करायला काय झालं होतं? मी सांगितलं असतं, ठीक आहे, आज मी पायांनी फिरते. वीस वर्षं मी पायांनीच फिरले, तेव्हा कुठे होते स्क्रीन? समोर हिरवं दिसलं की माणूस उठत नाही. मी नाही उठले. हिच्या काचेसमोर बसून नाही उठले.

तो : चुकलं माझं.

सिस्टर : माझंही चुकलं. बहात्तर, बहात्तर, किती वेळ बहात्तर! लहान मुलालाही शंका आली असती. ...बसा पाच मिनिटं. जास्त बोलायला लावू नका तिला.

ती : लावू दे हो. मी बरी आहे.

सिस्टर : झालं हिचं सुरू. मी आजोबांकडे आहे. मघासारखी हाक मारा, लागली तर. चांगला आवाज आहे तुमचा.

ती : तुम्ही घामानं भिजलायत. टॉवेल आहे त्या पिशवीत.

तो : गप्प बस जरा.

ती : आत्ता तर बोलत राहा म्हणत होतात.

तो : तेव्हा दिसत नव्हतीस.

ती : ...मला परत घातलं का त्या हजेरीत?

तो : ब्रिजला ना? घातलं. कपाटाशीच उभ्या उभ्या, मोबाइलवरून.

ती : पण जागा नव्हती म्हणालात. मग कोणाला काढलंत?

तो : चेअरमनच्या मोठ्या स्क्रीनचा हब.

ती : अहो! साहेब काय म्हणतील? आणि तो बंद पडला म्हणजे?

तो : पडला तर हॉलभर माणसं एकदम ओरडतील. त्याच्यासाठी एजंट कशाला पाहिजे?

ती : फोन वाजतोय तुमचा.

तो : साहेब असतील.

ती : नाही, आईंचा आहे. घ्या ना, किल्लीचं सांगायचंय.

तो : वाजू दे.

ती : असं काय करता? काही झालं असलं तर?

तो : इतक्या जोरात वाजतोय, म्हणजे आई ठणठणीत आहे. मग करतो. ...अगं, मला फार भीती वाटली. त्या कुलपाशी उभा होतो ना, तुझी हाक फोनमधून आली, आणि मग सगळी धावपळ ऐकू आली, आणि मग फोन बंद. तीन वेळा चुकीची किल्ली घातली कपाटाला.

ती : मलापण वाटत होती.

तो : कधी? मघाशी?

ती : सकाळपासून. खरं म्हणजे कालपासून. इकडे हलवलं ना, तेव्हा खाट ढकलत नेताना वाटलं, आता ह्यांना मी सापडणारच नाही.

तो : आणि मला फोन करून डब्याचं झाकण सांगतेस!

ती : दुसरं काय सांगू? तुम्ही इतके घाईत. आईंचं ऐकायचं, साहेबांचं ऐकायचं. त्यात मी कुठे मध्ये... म्हटलं, माझं नंतर.

तो : मी विचारायला हवं होतं.

ती : विचारलं असतं तरी बरी आहे म्हणाले असते. सवयच आहे.

तो : मग आता विचारतो. पुन्हा पुन्हा विचारणार. बरी आहेस का?

ती : हो, ब...

तो : नीट सांग.

ती : ...नाही.

तो : काय होतंय?

ती : हसणार नाही ना? ही उशी टोचतेय. कालपासून टोचतेय. आत काहीतरी गाठ आहे.

तो : ही घे, काढली. माझा कोट घे डोक्याखाली. अजून?

ती : पाय गार पडलेत.

तो : पांघरूण घालतो. असं? अजून?

ती : उद्याचं ते यंत्र मला नकोय. म्हणजे बसवून घेईन. पण नकोय.

तो : बरं. अजून काही?

ती : अजून पुष्कळ आहे. तो टॉवेल घ्या आधी, घाम पुसा. आणि खुर्ची जरा जवळ ओढा.